पाडवा आणि पुत्तांडु: एका घरात दोन वर्षारंभ कसे साजरे करावेत

ज्या घरात एक बाजू मराठी आणि दुसरी तमिळ असते, त्या घरात फाल्गुन संपत आला की पहिला प्रश्न तारखांचा पडतो आणि दुसरा स्वयंपाकाचा. आमचे घर चेंबूरला आहे. माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर तिरुनेलवेलीकडचे. गेली अठरा वर्षे आम्ही गुढीपाडवा आणि तमिळ वर्षारंभ हे दोन्ही सण घरातच करत आलो आहोत. अशा घरात नव्याने आलेल्या सुनेला किंवा जावयाला, आणि आईवडिलांपासून दूर राहून पहिल्यांदाच सगळे स्वतःच्या हाताने करणाऱ्या जोडप्याला उपयोगी पडावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

दोन्ही सण एकत्र करून मधल्या एखाद्या रविवारी उरकू नयेत, हे सर्वांत आधी सांगते. आम्ही पहिल्या वर्षी नेमके तेच केले होते. दोघांनाही सुट्टी मिळत नव्हती, म्हणून सोयीचा रविवार पाहून सकाळी गुढी उभारली, दुपारी पायसम आणि श्रीखंड एकाच पंक्तीला वाढले आणि सगळे जमले या समाधानात होतो. त्यानंतर १४ एप्रिलला पहाटे मी पाणी प्यायला उठले, तेव्हा माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, देवघरापुढे एकटेच बसलेले दिसले. समोर ताटलीत एक आंबा, दोन केळी, विड्याची पाने आणि अम्मांची एक सोन्याची बांगडी होती, मागे भिंतीला दाढीचा लहान आरसा टेकवला होता आणि समई लावलेली होती. त्यांनी कोणालाही उठवले नव्हते आणि नंतरही एका शब्दाने तक्रार केली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक सण त्याच्या दिवशी आणि त्याच्या वेळेलाच करायचा, मग तो साधेपणाने झाला तरी चालेल, हा आमच्या घरचा नियम झाला.

आधी दोन्ही कालगणना समजून घ्याव्यात

तारखा का बदलतात हे एकदा कळले की दरवर्षीचा गोंधळ संपतो, म्हणून यावर थोडा वेळ द्यावा. महाराष्ट्राचे पंचांग चांद्रमानाचे आहे. पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा, आणि साधारणपणे सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो दिवस पाडव्याचा. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते, म्हणजे सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी, त्यामुळे पाडवा दरवर्षी तितका मागे सरकतो आणि अधिक मास येऊन गेला की पुन्हा पुढे जातो. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला आहे.

तमिळ वर्ष सौरमानाचे आहे. सूर्य मेष राशीत प्रवेश करतो ती मेष संक्रांत, आणि तिथून चित्तिरै हा पहिला महिना सुरू होतो. या दिवसाला पुत्तांडु किंवा घरगुती बोलण्यात वरुषप्पिरप्पु, म्हणजे वर्षाचा जन्म, असे म्हणतात. संक्रांत सूर्यास्तापूर्वी झाली तर तोच दिवस चित्तिरैचा पहिला धरतात आणि सूर्यास्तानंतर झाली तर दुसरा, त्यामुळे हा सण बहुतेक वर्षी १४ एप्रिललाच येतो. केरळातला विशू हा याच संक्रांतीचा सण असला तरी तिथला दिवस ठरवण्याचा नियम वेगळा आहे. २०२३ मध्ये तमिळ वर्षारंभ १४ एप्रिलला आणि विशू १५ एप्रिलला होता. घरात मल्याळी नातेवाईक असतील तर त्यांना शुभेच्छा देण्यापूर्वी तारीख पाहून घ्यावी.

ज्या चांद्रमासात सूर्य मेष राशीत जातो त्यालाच चैत्र म्हणतात. म्हणून मेष संक्रांत नेहमी चैत्रातच येते, पाडवा आधी आणि पुत्तांडु नंतर हा क्रम ठरलेला राहतो आणि दोहोंमधले अंतर महिन्याभराच्या आत असते. २०२१ मध्ये १३ एप्रिलला पाडवा आणि १४ एप्रिलला पुत्तांडु असे लागोपाठ दोन दिवस आले होते. २०२६ मध्ये हे अंतर २६ दिवसांचे होते.

नव्या माणसाला आपलेपणा वाटावा अशी एक गोष्ट पंचांगातच आहे. प्रभव, विभव या क्रमाने चालणारे साठ संवत्सरांचे चक्र महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत एकाच नावाने चालते. शके १९४८, म्हणजे २०२६ मध्ये सुरू झालेले वर्ष, दोन्हीकडे पराभव नाम संवत्सर आहे आणि २०२७ चे प्लवंग. उत्तरेकडच्या विक्रम संवताच्या पंचांगांत त्याच वर्षाला दुसरे नाव असते, पण आपल्या या दोन घरांत नाव एकच. याखेरीज मराठी पंचांगाच्या संवत्सरफलात वर्षाचा राजा पाडव्याच्या वारावरून ठरतो आणि मंत्री मेष संक्रांतीच्या वारावरून. २०२६ चा पाडवा गुरुवारी, म्हणून राजा गुरू, आणि मेष संक्रांत मंगळवारी, म्हणून मंत्री मंगळ. म्हणजे दोन्ही वर्षारंभांना पंचांगाने एकाच दरबारात जागा दिलेली आहे. अप्पांना हे मी पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ते पान माझ्याकडून मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचले होते.

पहिली पायरी: तारखा, वेळा आणि कामाची वाटणी

जानेवारीत नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की दोन्ही दिवसांवर खूण करावी. मराठी बाजूसाठी कालनिर्णय किंवा दाते पंचांग पुरते. तमिळ बाजूसाठी रोज एक पान फाडायचे दैनिक कॅलेंडर माटुंग्याच्या दुकानांत मिळते आणि त्यात राहुकाळ व नल्ल नेरम, म्हणजे चांगली वेळ, रोजच्या रोज दिलेली असते. महाराष्ट्रात पाडव्याची सुट्टी असते आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे इथे राहणाऱ्यांना निदान रजेचा प्रश्न फारसा येत नाही.

वेळेबाबत एक मतभेद घरोघरी होतो आणि तो आधीच सोडवून ठेवावा. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे मराठी माणूस त्या दिवशी वेगळा मुहूर्त पाहत नाही; तमिळ घरातली वडीलधारी माणसे मात्र राहुकाळात कोणतेही शुभकार्य सुरू करू देत नाहीत. सूर्योदय सहाचा धरून सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ असतो, गुरुवारी दीड ते तीन आणि रविवारी साडेचार ते सहा. म्हणजे पाडवा सोमवारी आला तर गुढी साडेसातच्या आत उभारावी आणि रविवारी आला तर साडेचारच्या आधी उतरवावी. एवढे सांभाळले की दोन्ही बाजूंचे समाधान होते आणि वाद उरत नाही.

कामाची वाटणी करताना मात्र नेहमीचा विचार उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. गुढी मराठी माणसाने बांधायची आणि कनीचे तबक, म्हणजे पुत्तांडुच्या पहाटे पहिली नजर पडावी म्हणून मांडलेल्या शुभ वस्तूंचे तबक, तमिळ माणसाने मांडायचे, अशी वाटणी केली तर दुसरा माणूस कायम पाहुणाच राहतो. आमच्याकडे गुढी माझा नवरा बांधतो आणि कनी मी मांडते. ज्याचा सण आहे तो शेजारी उभा राहून सांगतो. दोन-तीन वर्षांत सांगायचीही गरज राहत नाही.

दुसरी पायरी: कडुनिंब आणि कैरी

या दोन सणांना जोडणारा खरा दुवा कडुनिंबाचा आहे, म्हणून त्याची तजवीज सर्वांत आधी करावी. पाडव्याला कोवळी पाने आणि फुले लागतात, तर पुत्तांडुला फक्त फुले, ज्यांना तमिळमध्ये वेप्पम्पू म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये झाडाला तांबूस कोवळी पालवी येते आणि पाठोपाठ बारीक पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. पाडवा एप्रिलमध्ये असेल तर फुले मुबलक मिळतात. मार्चच्या मध्यावर असेल तर कमी मिळतात आणि तेव्हा दाक्षिणात्य वाणसामानाच्या दुकानातून वाळलेली फुले आणावीत.

झाड ओळखताना काळजी घ्यावी. बकाण निंब दिसायला कडुनिंबासारखाच असतो, पण त्याची फुले जांभळट असतात आणि फळे विषारी; त्याचा कोणताही भाग खाण्यात घेऊ नये. शंका असेल तर बाजारातून पाडव्याच्या आदल्या दिवशी जुडी घ्यावी, तीही नेहमीच्या माणसाकडून. रस्त्याकडेच्या झाडाच्या पानांवर धूळ फार असते, ती दोन-तीन पाण्यांनी धुवावीत.

फुले वाळवण्याचे काम पाडव्याच्या दिवशीच सुरू करावे, कारण त्या दिवशी डहाळ्या घरात आलेल्या असतातच. डहाळी स्वच्छ कापडावर धरून हलकेच झटकावी, म्हणजे उमललेली फुले खाली पडतात आणि कळ्या व देठ वर राहतात. फुले पाण्यात फार वेळ ठेवू नयेत; गाळणीत घेऊन एकदा पाणी सोडावे आणि लगेच पसरावीत. घरातच, सावलीत, जुन्या सुती पंचावर एकेरी थर करून वरून पातळ मलमल घालावी आणि त्या खोलीतला पंखा बंद ठेवावा, नाहीतर वाळत आलेली फुले घरभर उडतात. तीन-चार दिवसांत ती पिवळसर तपकिरी होतात आणि बोटांत चुरली की कागदासारखा आवाज येतो. मग कोरड्या काचेच्या बाटलीत भरावीत. मूठभर फुले वाळून दोन चमचेच उरतात, हे लक्षात घेऊन पुरेशी घ्यावीत.

कैरीची तजवीज सोपी आहे. पाडव्याला आंब्याची डाळ आणि पन्हे, पुत्तांडुला पचडी. कैरी दोन्ही वेळा ताजीच आणावी, एकदम आणून ठेवू नये.

तिसरी पायरी: पाडव्याचा दिवस

गुढीला लागणारे सामान आदल्या रात्री एका जागी काढून ठेवावे: वेळूची काठी, रेशमी वस्त्र किंवा खण, कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, फुलांचा हार, साखरेची गाठी, तांब्या किंवा पितळेचा गडू, सुतळी, हळद-कुंकू आणि पाट. फ्लॅटच्या गॅलरीसाठी पाच-सहा फुटांची काठी पुरते. गाठी होळीपासूनच बाजारात येते, पण लवकर आणली तर कोरड्या डब्यात ठेवावी, दमट हवेत ती चिकट होते आणि मुंग्या लागतात.

पहाटे उठून तेल लावून स्नान करावे. तमिळ घरात सणाच्या दिवशी तेल लावून न्हाण्याची रीत दिवाळीला ठळक असते, त्यामुळे नव्या माणसाला ही गोष्ट चटकन आपली वाटते. काठी धुऊन पुसून तिला हळद-कुंकू लावावे. नंतरचा क्रम चुकला की गुढी सैल पडते, म्हणून तो नीट सांगते. वस्त्राच्या निऱ्या घालून जरीचा काठ बाहेर येईल असे काठीच्या टोकापासून चार बोटे खाली ते धरावे आणि सुतळीचे दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारावी. त्याच गाठीवर कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी ठेवून पुन्हा दोन वेढे द्यावेत, मग हार आणि साखरेची गाठी अडकवावी. सर्वांत शेवटी तांब्या उपडा ठेवावा. तांब्याचे तोंड मोठे असेल आणि तो डुगडुगत असेल तर काठीच्या टोकाला आधी जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे तो घट्ट बसतो. माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी आधी तांब्या ठेवून मग वस्त्र बांधायला घेतले होते आणि तांब्या दोनदा खाली आला. तेव्हापासून तो हा क्रम स्वतःच मोठ्याने म्हणत बांधतो.

सूर्योदयानंतर दाराशी किंवा गॅलरीत पाटाभोवती रांगोळी काढून गुढी उभी करावी आणि कठड्याला खाली-वर अशा दोन ठिकाणी बांधावी. विजेच्या तारा जवळ असतील तर काठी बाहेर झुकवू नये. हळद-कुंकू, अक्षता, फुले वाहून पूजा करावी आणि गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवावा. मग प्रसाद म्हणून कडुनिंबाची चटणी प्रत्येकाने खावी. तिच्यासाठी कोवळी पाने आणि फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, थोडी चिंच, जिरे, ओवा, हिंग, मिरी आणि मीठ एकत्र वाटतात. सुपारीएवढी गोळी पुरते. लहान मुलांना गूळ अधिक घालून द्यावी, पण वगळू नये.

दुपारच्या जेवणात श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी, आंब्याची डाळ, बटाट्याची भाजी आणि वरणभात एवढे पुरे आहे. बऱ्याच तमिळ घरांत सणाला कांदा-लसूण चालत नाही. पाडव्याचा पारंपरिक स्वयंपाक त्याच्याशिवाय सहज होतो, तेव्हा त्याच रीतीने करावा. पंचांगाची पूजा करून संवत्सरफल वाचावे आणि ते कोणा एकाने मोठ्याने वाचावे, कारण सौरमानाच्या घरातून आलेल्या माणसाला शकाचा आकडा, संवत्सराचे नाव आणि राजा-मंत्री यांची ओळख याच वेळी होते. सूर्यास्तापूर्वी गुढीला हळद-कुंकू वाहून ती उतरवावी. गाठी मुलांना वाटावी, काठी पुसून पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

चौथी पायरी: १३ एप्रिलची रात्र

पुत्तांडुचे सर्वांत महत्त्वाचे काम आदल्या रात्री होते, आणि मराठी घरातून आलेल्या माणसाला नेमके हेच माहीत नसते. वर्षातली पहिली नजर शुभ वस्तूंवर पडावी, म्हणून देवघरापुढे कनी मांडून ठेवतात. ही रीत तमिळनाडूच्या सगळ्या घरांत सारखी नाही; तिरुनेलवेली, कन्याकुमारी, कोइमतूर या भागांत आणि केरळातल्या पालक्काडच्या तमिळ कुटुंबांत ती विशेष दिसते. ज्या घरी ती नसेल तिथे ती आग्रहाने आणू नये, सासूबाईंना विचारूनच ठरवावे.

एका मोठ्या तबकात किंवा परातीत तांदूळ पसरून त्यावर आंबा, फणस आणि केळी ही तीन फळे ठेवतात. तमिळमध्ये या तिघांना मिळून मुक्कनी म्हणतात. अख्खा फणस मुंबईच्या घरात मावत नाही, तेव्हा लहान फणस किंवा पानात ठेवलेले चार गरे चालतात. सोबत विड्याची पाने, सुपारी, हळद-कुंकू, फुले, सोन्याचा एखादा दागिना, नाणी आणि नोटा. पालक्काडकडच्या घरांत बहाव्याची पिवळी फुलेही ठेवतात. मागे आरसा उभा करायचा असतो, आणि त्याचा कोन साधणे हे मांडणीतले अवघड काम आहे. आरसा भिंतीला सरळ टेकवला तर पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो, फळे दिसत नाहीत. फार मागे कलला तर छत दिसते. मी तबकापुढे जमिनीवर बसून, मान सरळ ठेवून पाहते, आणि चेहरा व फळे एकाच वेळी दिसेपर्यंत आरशाच्या तळाशी तांदळाची लहान पुरचुंडी सरकवत राहते. घरातली सर्वांत लहान व्यक्ती आणि सर्वांत उंच व्यक्ती यांच्यासाठी एकच कोन जमत नाही, म्हणून मुलांना पाटावर बसवावे. समई आरशाच्या समोर नको, बाजूला ठेवावी, म्हणजे तिचे तेज डोळ्यांत जात नाही आणि वस्तूंवर पडते.

रात्रीच उंबऱ्याबाहेरची जागा धुऊन कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, काढायची तयारी करावी. सणाचे कोलम तांदूळ भिजवून वाटलेल्या पातळ पिठाने बोटांनी काढतात आणि भोवती गेरूची किनार देतात; तमिळमध्ये या गेरूला कावी म्हणतात आणि आपल्याकडेही त्याला काव हा जुना शब्द आहेच. पाडव्याच्या रांगोळीतले रंग यात भरू नयेत. पांढरे कोलम आणि तांबडी किनार यांचे स्वतःचे रूप आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

पाचवी पायरी: पुत्तांडुचा दिवस

पहाटे घरातली वडीलधारी स्त्री आधी उठते, समई लावते, स्वतः कनी पाहते आणि मग एकेकाला उठवून, डोळे हाताने झाकून, तबकापुढे आणून बसवते. त्या वेळी कोणी बोलत नाही. नव्या माणसाने एवढेच करावे की आदल्या रात्री फोन अंथरुणापासून दूर ठेवावा, म्हणजे सवयीने पहिली नजर त्यावर जात नाही. नंतर स्नान, नवे कपडे, दाराला आंब्याच्या पानांचे ताजे तोरण आणि देवाची पूजा. वडीलधाऱ्यांना नमस्कार केला की ते विड्याच्या पानावर पैसे ठेवून देतात. रक्कम विचारू नये आणि नाही म्हणू नये. शुभेच्छा देताना "पुत्तांडु वाळ्त्तुक्कळ" म्हणावे. उच्चार पहिल्या वर्षी चुकतो, तरी म्हणावा.

स्वयंपाकात मांगाय पचडी हा मुख्य पदार्थ आहे. मराठीत पचडी म्हटले की कोबीची किंवा मुळ्याची कच्ची कोशिंबीर डोळ्यांपुढे येते. ही पचडी शिजवलेली, गुळाची आणि पातळसर असते. एका मध्यम कैरीच्या साल काढलेल्या फोडी एक वाटी पाण्यात हळद आणि मीठ घालून मऊ शिजवाव्यात, त्यात पाऊण वाटी गूळ विरघळवावा आणि चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून लावावी, म्हणजे रस मिळून येतो. वरून तेलात मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. वाळवलेली कडुनिंबाची फुले वेगळ्या लोखंडी पळीत चमचाभर तुपात मंद आचेवर परतावीत. ती आधी फुगल्यासारखी होतात, मग कडेने गडद होत जातात आणि स्वयंपाकघरात करपट-गोडसर वास सुटतो. कॉफीच्या भाजलेल्या बियांचा रंग आला की लगेच उतरवावीत, क्षणभराने ती काळी पडतात आणि कडूपणाशिवाय काही उरत नाही. ही फुले वाढायच्या वेळीच पचडीवर घालावीत, आधी घातली तर सगळी पचडी कडू होते. गोड, आंबट, तिखट, खारट आणि कडू या चवी अशा एका घासात येतात. पाडव्याची गोळी ज्याने खाल्ली आहे त्याला हा घास परका वाटत नाही.

बाकी पायसम, वडे, सांबार, वेप्पम्पू रसम, एखादी कोरडी भाजी आणि शेवटी दहीभात किंवा नीर मोर, म्हणजे मिरची-आले घातलेले पातळ ताक. केळीच्या पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे मांडावे आणि वाढायला सुरुवात पायसमच्या थेंबाने करावी. भात आधी सांबारासोबत, मग रसमसोबत आणि शेवटी दह्यासोबत घेतात. पहिल्याच भातावर दही मागू नये, जेवण संपले असा त्याचा अर्थ होतो.

दुपारनंतर, राहुकाळ टाळून, पंचांगम वाचतात. आमच्याकडे अप्पा तमिळ पंचांगातून वाचतात आणि मी शेजारी मराठी पंचांग उघडून बसते. पाऊस, धान्य आणि वर्षाचे अधिपती यांविषयी दोन्हींत काय सारखे आहे आणि काय वेगळे, हे मुले मोठ्या उत्साहाने ताडून पाहतात. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नसेल त्यांनी देवळात जावे. दाक्षिणात्य देवळांत त्या दिवशी पंचांग वाचन होते.

दिवस लागोपाठ आले किंवा घर परदेशात असले तर

२०२१ सारखे दोन्ही दिवस लागोपाठ आले तर गोडाचा एकच मोठा घाट घालावा आणि दुसऱ्या दिवशी फक्त साधे पायसम करावे. पाडव्याची संध्याकाळ मात्र कनीसाठी मोकळी ठेवावी. गुढी उतरवल्यावर तिच्यावरचे आंब्याचे डहाळे कोमेजलेले असते, ते तोरणाला वापरू नये.

परदेशात राहणाऱ्यांनी भारतातली तारीख तशीच न घेता आपल्या गावाच्या सूर्योदयाप्रमाणे केलेले पंचांग पाहावे, कारण तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असला तरी सूर्योदय वेगळा असतो. वेळूऐवजी पडद्याची लाकडी काठी, गाठी मिळाली नाही तर घरी दोऱ्यावर पाक ओतून केलेल्या साखरेच्या चकत्या चालतात. कडुनिंबाची वाळलेली फुले भारतीय दुकानांत मिळतात किंवा भारतातून येणाऱ्याकडून आधीच्या वर्षीची मागवून ठेवता येतात. अशी तडजोड नवी नाही. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांबरोबर आणि त्यानंतर तंजावरला गेलेली मराठी कुटुंबे आपले चांद्रमान सांभाळून सौरमानाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत.

१५ एप्रिलला कनीतल्या तांदळाचा भात करावा, नाणी मुलांच्या डब्यात टाकावीत, आणि उरलेल्या कडुनिंबाच्या फुलांच्या बाटलीवर वर्ष लिहून ती फडताळात मागे, कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या वर्षी पाडवा मार्चमध्ये आला आणि झाडाला फुले नसली, तर ती बाटली तेव्हा उघडता येते.